एका स्टँडसमोर दोघे

सिम्फनी वाद्यवृंदात व्हायोलिन, व्हिओला, चेलो वाजवणारे जोडीजोडीनं बसतात. दोघांत एक स्टँड आणि त्यावर नोटेशनची एकच प्रत. पान उलटायचं काम आतल्या बाजूला बसलेल्याचं. तेवढ्यापुरता तो थांबतो आणि बाहेरचा वाजवत राहतो. गज कुठल्या स्वराला वर न्यायचा आणि कुठे खाली ओढायचा हे त्या विभागाच्या प्रमुखानं ठरवून दिलेलं असतं, कागदावर पेन्सिलीनं खुणा केलेल्या असतात. एकाचा गज वर आणि शेजाऱ्याचा खाली गेला तर शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यालाही ते दिसतं. स्वर तोच, त्याची लांबी तीच, जोर तोच. हे जमायचं तर एक कान आपल्या वाद्याकडे आणि दुसरा सतत शेजाऱ्याकडे ठेवावा लागतो.

१९९९ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या वायमार गावात अशाच एका स्टँडसमोर एक सीरियन आणि एक इस्रायली चेलोवादक बसले. दोघांचे देश १९४८ पासून एकमेकांशी युद्धस्थितीत. सीरियाच्या नागरिकाला इस्रायली माणसाशी नुसतं बोलणंही घरी परतल्यावर महागात पडू शकणारं. त्या दोघांना एकमेकांविषयी जिव्हाळा वाटावा अशी कुणाची अपेक्षा नव्हती. अपेक्षा एवढीच की समोरच्या कागदावरचा एक स्वर दोघांनी एकाच क्षणी, एकाच वजनानं लावावा. कंडक्टर डॅनियल बारेनबॉइम हा प्रसंग पुढे अनेकदा सांगत आले. त्यांचं म्हणणं असं, की तो स्वर एकदा लागला की त्या दोघांना एकमेकांकडे आधीच्याच नजरेनं पाहता येत नाही, कारण आता त्यांनी काहीतरी मिळून केलेलं असतं. वेस्ट-ईस्टर्न दिवान ऑर्केस्ट्राची सुरुवात ही अशी, आणि हे पुस्तक त्या ऑर्केस्ट्राविषयी आहे.

‘संगीताला सीमा नसतात’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक मैफलीचा निवेदक म्हणतोच. या पुस्तकाच्या वाचकानं ते थोडा वेळ बाजूला ठेवावं अशी माझी विनंती आहे. वायमारच्या एटर्सबर्ग टेकडीवर बुखेनवाल्डची छळछावणी होती, १९३७ ते १९४५. त्या छावणीत कैद्यांचा बँड होता आणि हजेरीच्या वेळी, कामावर जाता-येताना तो वाजवायला लावत. तिथले अधिकारीही बीथोवनवर प्रेम करणाऱ्या समाजातूनच आले होते. सुरांनी माणूस आपोआप सुधारत असता तर ज्या गावात गटे आणि शिलर राहिले, लिस्टनं संगीत दिग्दर्शन केलं, त्या गावाच्या वेशीवर हे घडलं नसतं. दिवानच्या संस्थापकांना हे पक्कं ठाऊक होतं. पहिल्याच शिबिरात त्यांनी अरब आणि इस्रायली वादकांना एकत्र बुखेनवाल्डला नेलं. हा ऑर्केस्ट्रा शांतता आणण्यासाठी नाही, अज्ञानाविरुद्ध आहे, हे बारेनबॉइम पहिल्यापासून सांगत आले आहेत. दुसऱ्याचं म्हणणं पटलं नाही तरी चालेल, ते नीट ऐकलेलं असावं, एवढाच त्यांचा आग्रह. दावा छोटा आहे. मला तो विश्वासार्ह वाटतो तोही छोटा आहे म्हणूनच.

संस्थापक दोन. बारेनबॉइम १९४२ मध्ये ब्यूनोस आयर्सला जन्मले. आईवडील दोघेही पियानोचे शिक्षक, रशियन ज्यू घराण्यातले. सातव्या वर्षी पहिली जाहीर मैफल, दहाव्या वर्षी कुटुंबासह इस्रायलला स्थलांतर. एडवर्ड सईद १९३५ मध्ये जेरुसलेमला एका पॅलेस्टिनी ख्रिस्ती घरात जन्मले, कैरोत वाढले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात साहित्य शिकवू लागले. त्यांचं १९७८ चं ‘ओरिएंटलिझम’ आपल्याकडच्या इंग्रजी-मराठीच्या प्राध्यापकांनी निदान चाळलेलं तरी असतं. सईद स्वतः तयारीचे पियानोवादक होते आणि ‘द नेशन’ साप्ताहिकात संगीतसमीक्षा लिहीत, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या एका हॉटेलच्या लॉबीत दोघांची अचानक गाठ पडली आणि त्या गप्पा सईद जाईपर्यंत थांबल्या नाहीत. २००२ मध्ये त्यातला काही भाग ‘पॅरलल्स अँड पॅराडॉक्सेस’ नावानं पुस्तकरूपात आला.

दोघांचं सगळं जमत होतं असं मुळीच नाही. सईदांनी १९९३ चा ऑस्लो करार सुरुवातीपासून नाकारला. त्यांच्या लेखी ती पॅलेस्टिनी नेतृत्वाची शरणागती होती. बारेनबॉइमना आधी आशा वाटली होती. ती मावळल्यावर त्यांनी दिलेलं कारण अस्सल संगीतकाराचं होतं. ऑस्लोची लय चुकली, ते म्हणाले. पूर्वतयारी घाईघाईत उरकली आणि प्रत्यक्ष वाटचाल इतकी संथ, इतकी अडखळत झाली की आशयच हातून सुटला. राजकीय विश्लेषण म्हणून हे अपुरं असेल, पण विलंबित ख्यालात लय पडली की काय होतं हे ज्यानं ऐकलंय त्याला मुद्दा लगेच कळेल.

वायमारची निवड योगायोगानं झालेली नव्हती. १९९९ मध्ये ते गाव युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं आणि गटेच्या जन्माला अडीचशे वर्षं होत होती. इराणच्या हाफिजचं जर्मन भाषांतर गटेनं १८१४ मध्ये वाचलं तेव्हा तो साठी ओलांडलेला, युरोपभर गाजलेला कवी होता. त्या वयात तो अरबी लिपी गिरवायला बसला, आणि १८१९ मध्ये ‘वेस्ट-अ‍ॅस्टलिशर दिवान’ हा त्याचा काव्यसंग्रह निघाला. ऑर्केस्ट्राचं नाव तिथून आलं. ‘शाकुंतला’वर लुब्ध झालेला गटे आपल्याला शाळेपासून माहीत असतो, हाफिजपाशी शिष्य होऊन बसलेला गटे त्याच माणसाचा पुढचा टप्पा. आज वायमारमध्ये या दोन कवींचं स्मारक म्हणून दगडाच्या दोन भव्य खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या आहेत.

शिबिराचा दिनक्रम असा, की दिवसा तालीम आणि रात्री चर्चा. दिवसा बारेनबॉइम सूत्रं हाती घेत, रात्री सईद. पहिल्या काही रात्रींपैकी एकीची हकिकत सईदांनी सांगून ठेवली आहे. काही अरब मुलं संध्याकाळी जमून आपलं संगीत वाजवत बसली होती. इस्रायलहून आलेला एक मुलगा त्यात मिसळू पाहत होता, तर त्याला सांगण्यात आलं की अरबी संगीत अरबांनाच वाजवता येतं. तो दुखावला आणि त्यानं ते चर्चेत मांडलं. मग कुणीतरी उलटा सवाल टाकला, तुम्ही जर्मन नाही आहात, मग बीथोवन वाजवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? सईद सांगतात की दहा दिवसांनी तोच ‘अरबांनाच येतं’ म्हणणारा मुलगा यो-यो मा यांना त्यांचा चेलो अरबी स्वरसप्तकात कसा मिळवायचा हे शिकवत होता. यो-यो मा म्हणजे त्या वेळी जगातला सर्वात नावाजलेला चेलोवादक, आणि तोही चिनी वंशाचा. अरबी संगीतातल्या मकामांमधले पाव अंतराचे स्वर पाश्चात्त्य पट्टीत बसत नाहीत, ते कानानं शोधावे लागतात. आपल्या श्रुतींशी परिचय असलेल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. त्या मुलाचं मतपरिवर्तन कुणी घडवून आणलं नव्हतं. त्याच्यासमोर एक विद्यार्थी येऊन बसला, आणि शिकवायला बसलं की ‘तुला येणार नाही’ म्हणता येत नाही.

२००२ पासून ऑर्केस्ट्राला स्पेनमधल्या सेव्हिल परिसरात उन्हाळी घर मिळालं. अंदालुसियाच्या प्रांतिक सरकारनं पैसा दिला, आणि भाषणांमधून मध्ययुगीन अंदालुसियात मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू कसे एकत्र नांदले याची आठवण निघू लागली. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. १४९२ मध्ये त्याच भूमीवरून ज्यूंना देशोधडीला लावलं गेलं आणि पुढच्या सव्वाशे वर्षांत मुसलमान वंशाच्या लोकांनाही. प्रायोजकांना सुवर्णयुग हवं असतं, ते दिल्याशिवाय शिबिरं चालत नाहीत, एवढं म्हणून हे सोडून द्यावं. २००३ च्या ऑगस्टमध्ये ऑर्केस्ट्रा प्रथमच एका अरब देशात, मोरोक्कोच्या रबातमध्ये वाजला. पुढच्याच महिन्यात सईद गेले. बारा वर्षं ते रक्ताच्या कर्करोगाशी झगडत होते. त्यांची जागा चर्चेत कुणाला भरून काढता आली नाही, पण त्यांच्या पत्नी मरियम सईद यांनी संस्थेचं काम सोडलं नाही.

वेस्ट बँकमधल्या रामल्लाची मैफल मात्र सविस्तर सांगायला हवी. २१ ऑगस्ट २००५. त्याच आठवड्यात इस्रायलचं सैन्य गाझातल्या वसाहती रिकाम्या करत होतं. रामल्ला ज्या भागात येतं तिथे इस्रायली नागरिकांना जायला त्यांच्याच सरकारची बंदी, आणि सीरियन, लेबनीज वादकांना तिथे पोचायचं तर वाटेत इस्रायलच्या ताब्यातली सीमा. म्हणजे सगळे एकत्र वाजवायला तयार, आणि कायद्यानं कुणीच एकत्र येऊ शकत नाही. स्पेननं तोडगा काढला आणि वादकांना राजनैतिक पासपोर्ट दिले. अरब वादक जॉर्डनच्या बाजूनं आले, इस्रायली वादक जेरुसलेमकडून बंदोबस्तात. कार्यक्रमात पहिली रचना होती मोत्सार्टच्या नावावर असलेली सिन्फोनिया कॉन्चेर्तान्ते, चार फुंकवाद्यं आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची. ओबो इजिप्तच्या वादकाकडे, क्लॅरिनेट सीरियाच्या किनान अझ्मेहकडे, हॉर्न आणि बासून इस्रायली वादकांकडे.

ही निवड नुसती देशांची नावं जुळवण्यासाठी केली असती तर ती पोस्टरपुरती राहिली असती. फुंकवाद्यांच्या चौकडीत मात्र लबाडी चालत नाही. चौघांना एकत्र सुरुवात करायची तर एकत्र श्वास घ्यावा लागतो. ओबोचा श्वास फुप्फुसात साठून राहतो आणि वादकाला तो आधी बाहेर टाकून मग नवा घ्यावा लागतो; हॉर्नला हवा लागते भरपूर आणि ती संपतेही लवकर. दुसऱ्याच्या दमाची गणितं आपल्याला ठाऊक असल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. ध्वनिमुद्रणातल्या संथ भागात हे ऐकू येतं. एकाची ओळ दुसरा उचलतो तेव्हा सांधा कुठे पडला ते शोधावं लागतं.

नंतर बीथोवनची पाचवी. तिची सुरुवात सगळ्या जगाला पाठ आहे, पण कागदावर ती स्वरानं सुरू होत नाही, विरामानं सुरू होते. पहिल्या मात्रेच्या जागी अर्ध्या मात्रेची शांतता, मग तीन आखूड स्वर, मग एक लांब. कंडक्टरचा हात खाली येतो तेव्हा कुणीच वाजवत नाही. साठ-सत्तर माणसं ती न वाजलेली जागा मनात मोजतात आणि पुढच्या क्षणी एकदम तुटून पडतात. जगातले नामांकित वाद्यवृंदही इथे फसतात. मैफलीत सर्वांत शेवटी एल्गारचं ‘निम्रॉड’ वाजलं. टाळ्या चालू असतानाच इस्रायली वादकांना गाड्यांत बसवून बाहेर काढण्यात आलं. एकत्र जेवण नाही, निरोप नाही. पॉल स्माझ्नी यांनी या सगळ्यावर केलेल्या माहितीपटाला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला.

त्याच २००६ च्या उन्हाळ्यात लेबनॉनचं युद्ध पेटलं आणि काही सीरियन, लेबनीज वादक आले नाहीत. जे आले त्यांच्यात निवेदन काढायचं की नाही यावर रात्ररात्र वाद झाले. २००९ च्या जानेवारीत गाझातल्या युद्धामुळे दोहा आणि कैरोच्या मैफली रद्द कराव्या लागल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात पुन्हा युद्ध पेटल्यावर काय झालं असेल याची कल्पना करता येते, तरी २०२४ च्या उन्हाळ्यात ऑर्केस्ट्रा पुन्हा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये होता. युद्ध चालू असताना एका बाजूच्या मुलाचा भाऊ सैन्यात आणि दुसऱ्या बाजूच्या मुलाचं घर बाँबखाली, अशा वेळी तालमीला येणं हे धाडस आहे की नजर चुकवणं, याचं उत्तर वादकागणिक वेगळं मिळतं. या पुस्तकात ती वेगवेगळीच ठेवली आहेत.

टीका दोन्हीकडून झाली, आणि तिच्यातली सगळी उडवून लावण्याजोगी नाही. इस्रायलमध्ये बारेनबॉइमवर राग जुनाच. २००१ मध्ये जेरुसलेमला त्यांनी श्रोत्यांना विचारून, अर्धा तास वाद घालून, ज्यूद्वेष्टा म्हणून तिथे एरवी टाळला जाणारा वाग्नर वाजवला. काही जण दारं आपटून निघून गेले. २००४ मध्ये वुल्फ पुरस्कार घेताना त्यांनी इस्रायलच्या संसदेत उभं राहून त्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामाच वाचून दाखवला आणि पॅलेस्टिनी भूभागावरचा कब्जा त्यात बसतो का असं विचारलं. शिक्षणमंत्र्यांनी तिथल्या तिथे त्यांची कानउघाडणी केली. पॅलेस्टिनी बाजूचा आक्षेप अधिक खोल आहे. सांस्कृतिक बहिष्काराची चळवळ म्हणते की रंगमंचावरची बरोबरी पाहणाऱ्याला फसवते. तिथे दोघे एका स्टँडसमोर बसतात खरे, पण घरी जाताना एकाला तपासणीनाक्यावर तासन्‌तास उभं राहावं लागतं आणि दुसऱ्याला नाही. मग ही जोडी टाळ्या वाजवणाऱ्याला सगळं ठीक चाललं असल्याचा दिलासा देते. शिवाय ‘अरब’ म्हणून गणले जाणारे पुष्कळ वादक इजिप्त, सीरिया, लेबनॉनचे किंवा इस्रायलचे नागरिक असलेले पॅलेस्टिनी. वेस्ट बँक आणि गाझातून येणारे फार थोडे.

हा आक्षेप खोडून काढण्याच्या भरीस मी पडलो नाही. त्याला बारेनबॉइमनी दिलेलं एक उत्तर कृतीतलं होतं. २००८ मध्ये त्यांनी पॅलेस्टिनी नागरिकत्व स्वीकारलं, आणि ३ मे २०११ रोजी युरोपातल्या मोठ्या वाद्यवृंदांतले वादक गोळा करून ते इजिप्तच्या बाजूनं गाझात शिरले. तो दिवान नव्हता. इस्रायली वादकांना तिथे नेणं शक्यच नव्हतं. वाजवलं मोत्सार्ट, त्यात चाळिसावी सिम्फनी. तिची पहिली सुरावट अरब जगात घराघरांत ठाऊक आहे, कारण लेबनॉनच्या फैरूझनं त्यावरचं गाणं गायलं आहे. आणि आपल्याकडेही ती अनोळखी नाही. सलील चौधरींनी १९६१ च्या ‘छाया’मध्ये तलत महमूद आणि लता मंगेशकरांच्या युगुलगीताची चाल तिच्यावरूनच बांधली. गाझातल्या शाळकरी मुलांना आणि दादरच्या आजीला एकाच ओळीला मान डोलवावीशी वाटेल, आणि दोघांनाही मोत्सार्टचं नाव माहीत असण्याची गरज नाही.

दुसरा एक प्रश्न मला जास्त सतावतो. पूर्व-पश्चिम संवाद म्हणायचं आणि वाजवायचं बीथोवन, ब्राह्म्स, वाग्नर. हा कसला संवाद? इजिप्तची गायिका उम्म कुलसूम हिच्या मागे बसणाऱ्या कैरोच्या वादकांची परंपरा काही लहान नव्हती. बारेनबॉइम हा प्रश्न फारसा मनावर घेत नसत. त्यांच्या मते बीथोवन आता जर्मनांचा राहिलेला नाही. ते खरं धरलं तरी उम्म कुलसूमही मग फक्त अरबांची राहू नये, हे ओघानं येतं. याची थोडीफार जाणीव पुढे दिसली. २०१४ मध्ये ऑर्केस्ट्रानं दोन नव्या रचना दौऱ्यावर एकत्र नेल्या, एक इस्रायलच्या आयाल आडलरची आणि दुसरी सीरियन-अमेरिकन करीम रुस्तुमची. रुस्तुमच्या रचनेचं नाव ‘रमल’, अरबी छंदशास्त्रातल्या एका वृत्तावरून. मराठी गझल लिहिणाऱ्याला रमल काही शिकवायला नको; त्याच्या एका लगावलीला आपण देवप्रिया म्हणतो आणि सुरेश भटांनंतर तर ती गावोगावच्या मुशायऱ्यांत रुळली आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला त्या चालीवर चालायला लावलेलं ऐकताना मराठी कानाला जे ओळखीचं लागतं, ते बर्लिनच्या समीक्षकाला लागणार नाही. तरीही दोन रचनांनी ताळेबंद बदलत नाही.

आता मुंबईकडे वळतो, कारण या गोष्टीत एक मुंबईकर अगदी सुरुवातीपासून आहे. झुबिन मेहता १९३६ मध्ये मुंबईत जन्मले. वडील मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. १९५६ मध्ये इटलीतल्या सिएनाच्या उन्हाळी वर्गात वीस वर्षांच्या मेहतांना तेरा वर्षांचा बारेनबॉइम भेटला आणि ती मैत्री सत्तर वर्षांच्या घरात गेली. १९६७ च्या जूनमध्ये, सहा दिवसांचं युद्ध नुकतंच संपलेलं असताना, बारेनबॉइमनी जेरुसलेममध्ये चेलोवादक जॅकलिन द्यु प्रेशी लग्न केलं. धार्मिक विधीला साक्षीदार ज्यूच हवा. तेव्हा हा पारशी मित्र पर्शियाहून नुकताच आलेला मोशे कोहेन म्हणून उभा राहिला, आणि ते खपलंही! पुढे मेहता अनेक दशकं इस्रायल फिलहार्मोनिकचे प्रमुख होते. १९९४ च्या जूनमध्ये त्यांनी बोस्नियातल्या साराएवोच्या जळून गेलेल्या राष्ट्रीय ग्रंथालयात, वेढा चालू असताना, तिथल्याच वादकांकडून मोत्सार्टचं ‘रेक्विएम’ वाजवून घेतलं.

त्याच मेहतांची ७ सप्टेंबर २०१३ ची श्रीनगरच्या शालिमार बागेतली मैफल दिवानच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. म्युनिकचा बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रा, जर्मन दूतावासाचं आयोजन, सोबत काश्मिरी लोकवादक, नाव ‘एहसास-ए-काश्मीर’. वाजवणं उत्तम झालं. पण बागेत प्रवेश निमंत्रितांनाच, रस्ते बंद, सगळीकडे पहारा. आणि शहरात दुसरीकडे काश्मिरी नागरिकांनी ‘हकीकत-ए-काश्मीर’ नावाचा समांतर कार्यक्रम लावलेला. मेहतांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पुढच्या वेळी सगळ्यांसाठी वाजवायला आवडेल असं ते म्हणालेही. फरक रचनेत होता. शालिमारमध्ये लोक ऐकायला आले आणि गेले. ज्यांच्यात तंटा होता त्यांतल्या कुणालाही एकमेकांशेजारी बसून काही करावं लागलं नाही. दिवानमध्ये श्रोता दुय्यम आहे. खरा कार्यक्रम तालमीत होतो, दार लावून, आठवडेच्या आठवडे.

तालमीवरून मुंबईचीच आणखी एक गोष्ट आठवते. १९५० आणि ६० च्या दशकांत इथल्या चित्रपट स्टुडिओंमध्ये गोव्याचे ख्रिस्ती व्हायोलिनवादक, पारशी, मुसलमान सारंगिये, मराठी ढोलकीवाले रोज एका खोलीत बसत. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये अशाच वादकांचा वाद्यवृंद जमवून सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर बांधलेल्या रचना सादर केल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना घेऊन. कुणी त्याला प्रकल्प म्हटलं नाही, कुणाला निधी मिळाला नाही. एकत्र बसण्याचं कारण संध्याकाळचा मेहनताना होतं. मला वाटतं, सहजीवनाची ती जात जास्त टिकाऊ असते. पण तिला एक साधी अट लागते, ती म्हणजे सगळ्यांना स्टुडिओपर्यंत पोचता यायला हवं. वांद्र्याहून ताडदेवला येणाऱ्याला परवाना लागत नव्हता.

दिवानला ती अट पुरी करणारी जागा अखेर बर्लिनमध्ये मिळाली. सरकारी ऑपेराच्या जुन्या नेपथ्य-गोदामात बारेनबॉइम-सईद अकादमी उभी राहिली, २०१६ पासून तिथे नियमित वर्ग चालू झाले आणि २०१७ मध्ये पिएर बुलेझ सभागृह उघडलं. त्याचा आराखडा वास्तुविशारद फ्रँक गेहरी यांनी विनामूल्य करून दिला. सभागृह लंबगोलाकार आहे, वादक मधोमध आणि श्रोते चारही बाजूंनी. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतून आलेले विद्यार्थी इथे वाद्याबरोबर इतिहास आणि तत्त्वज्ञानही शिकतात. ही सईदांची अट होती असंच म्हणायला हवं. पहिल्या शिबिरात चेलो आणि व्हायोलिन घेऊन आलेल्यांपैकी काही जण आता मोठ्या वाद्यवृंदांत नोकरीला आहेत, काही शिकवतात.

त्यातल्या एकावर या पुस्तकाचा बराच भर आहे. नझारेथचा व्हायोलिनवादक नबील अबूद अश्कर दिवानमध्ये वाजवून घरी परतला आणि २००६ पासून त्यानं आपल्या गावात संगीतशाळा चालवायला घेतली. नझारेथ हे इस्रायलमधलं सर्वात मोठं अरब शहर. इस्रायली वाद्यवृंदांत अरब वादक दिसत नाहीत, याचं कारण त्याच्या मते साधं होतं. अरब वस्त्यांत लहानपणी व्हायोलिन शिकवणारं कुणी नव्हतं. त्यानं आधी शिक्षक आणले, मुलांची बोटं तयार करून घेतली, आणि मग त्यांना ज्यू मुलांबरोबर चौकडीत बसवलं. आधी बरोबरीची तयारी, मग बरोबर बसणं, असा क्रम. बारेनबॉइम आता ऐंशी पार झालेत, पार्किन्सन्सनं त्यांना गाठलंय, आणि एका माणसाच्या हातावर चाललेला ऑर्केस्ट्रा त्यांच्यानंतर कोण चालवणार हा प्रश्न बर्लिनमध्ये उघडपणे विचारला जातो. नझारेथच्या शाळेत आठवड्याच्या तासिका ठरलेल्या आहेत आणि तिथे तो प्रश्न येत नाही. म्हणून पुढची प्रकरणं बर्लिन किंवा साल्झबर्गच्या मैफलींपासून सुरू न करता त्या शाळेपासून सुरू केली आहेत. वाचकाला सोबत काही ऐकायला हवं असेल तर रामल्लाचं ध्वनिमुद्रण सहज मिळतं. त्यातला मोत्सार्टचा संथ भाग आधी ऐकावा, बीथोवन मागाहून.